बिचकी बिजली

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. जुनी म्हणते, म्हातारी म्हणत नाही, हे ध्यानात ठेवा. माझं नाव बिजली. रंग पांढरा, म्हणजे धुतल्यावर पांढरा. एरवी अंगावर मुरमाची धूळ असते. तुम्ही खुशाल खाली बसा, मी उभ्याउभ्याच सांगणार. तेही एका जागी उभं राहून जमायचं नाही. बोलता बोलता माझा पाय उचलेल, कान फिरतील. कुठं दार आपटलं तर मी मध्येच थांबेन. तेव्हा घाई करू नका. जरा वेळानं मी पुन्हा सुरू करीन.

माळेगावच्या यात्रेत दाऊदचाचांनी मला विकत घेतलं तेव्हा मी नुकतंच शिंगरूपण सोडलं होतं. दाऊदचाचांचे वडील शहरात टांगा हाकायचे. टांगे गेले, रिक्षा आल्या आणि दाऊदचाचा वरातीच्या घोड्यांच्या धंद्यात शिरले. मला आणलं तेही त्यासाठीच. आता वरातीच्या घोडीला नुसतं चालून भागत नाही, तिला नाचता यावं लागतं.

मला नाचायला कसं शिकवलं, हे आजवर कुणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगते. एकजण ताशा वाजवायचा आणि शिकवणारा माणूस माझ्या गुडघ्यावर बारीक छडी मारायचा. ताशा, छडी. पुन्हा ताशा, पुन्हा छडी. काही दिवसांनी छडी गेली आणि ताशा राहिला. तो वाजला की माझा एक पाय उचलायचा, तो टेकतो न टेकतो तोच दुसरा. दाऊदचाचांनी स्वतः कधी छडी उगारली नाही. शिकवणी चालू असली की ते पाठ फिरवून विडी ओढत बसायचे आणि नंतर मला गूळ भरवायचे. गूळ मी खात असे, पण राग यायचाच.

मग माझे चांगले दिवस आले. काय थाट होता म्हणून सांगू! पाठीवर जरीची झूल, कपाळावर तुरा, गळ्यात गोंडे, पायांत घुंगरू. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून मी निघाले की रिक्षावालेसुद्धा हॉर्न वाजवायचं विसरत. लग्नसराईत मला उसंत नसे. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणायच्या, "बाई गं, काय नाचते! किती खूश आहे बघ!" कौतुक ऐकून मी मान आणखी ताठ करायची. मला कौतुक आवडतं, त्यात लपवायचं काय? पण पाय खुशीनं उचलत नव्हते, एवढं मात्र मला ठाऊक होतं.

एका लग्नात वरात मांडवाच्या दारात आली आणि कुण्या उत्साही पाहुण्यानं फटाक्यांची लड पेटवून थेट माझ्या पायांशी टाकली. धाड धाड धाड! माझा मागचा पाय भाजला. पुढचं मला नीट आठवत नाही. मी उधळले एवढं खरं. नवरदेव जरा वेळ माझ्या मानेला लटकला आणि मग शेजारच्या वाळूच्या ढिगावर जाऊन पडला. त्याला काही लागलं नाही. त्याचा फेटा माझ्या कानाला अडकून राहिला आणि तो मिरवत मी निम्मा गाव पालथा घातला. हसा, हसा. आता मलाही हसू येतं.

तेव्हा कुणी हसलं नाही. दाऊदची घोडी बिचकी आहे, ही बातमी माझ्याआधी शहरात पोचली. बिचकी म्हणजे दचकणारी, भरवशाची नसलेली. लोकांनी दुसऱ्या घोड्या ठरवायला सुरुवात केली. मी शेडमध्ये बांधलेलीच राहिले. पायाची जखम भरली, पण अंगातली थरथर गेली नाही. समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं तरी मी दाव्याला हिसडे द्यायची. एरवी दिवसभर या पायावरून त्या पायावर डुलत उभी असायची. झूल, तुरा, घुंगरू दाऊदचाचांनी पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले. विकून टाका म्हणणारे पुष्कळ आले. चाचा त्यांना चहा पाजत आणि वाटेला लावत.

अशात एक दिवस करुणाताई आल्या. लासूर स्टेशनच्या वाटेवर शेतात एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं त्या समुपदेशक आहेत. म्हणजे दारूच्या आहारी गेलेल्या आणि मनाला जबर धक्का बसलेल्या माणसांना पुन्हा उभं राहायला त्या मदत करतात. आल्या होत्या भाच्याच्या लग्नासाठी घोडी बघायला. चाचांनी दुसरी घोडी दाखवली. ताईंची नजर माझ्यावर गेली.

"वो नक्को, ताई," चाचा म्हणाले. "अच्छी थी, पन आता बिचकती. आवाज झाला की काँपती. किसी कामाची नाही राहिली."

"चाचा, माझ्याकडची माणसंपण अशीच आहेत," ताई म्हणाल्या. "त्यांनाही सगळे हेच म्हणतात. हिची न् त्यांची गाठ घालून बघायची का?"

चाचांना ते काही समजलं नाही. मलाही नाही. पण ताई माझ्याजवळ आल्या त्या हात पुढे न करता. नुसत्या उभ्या राहिल्या. मी कान मागे टाकले तरी हलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मी आणि दाऊदचाचा दोघंही केंद्रावर राहायला गेलो. झूल-तुऱ्याची पेटीही चाचांनी टेम्पोत टाकली. कशाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

केंद्र अप्पारावांचं. हे गृहस्थ कधीकाळी स्वतः दारूत बुडालेले होते. त्यातून सुटल्यावर त्यांनी वडिलोपार्जित शेतात ही जागा उभी केली. मोठ्या मनाचा माणूस, आणि आवाजही तसाच मोठा. त्यांच्या प्रत्येक हाकेला मी दचकायची. केंद्रात कुणी माती मळून भांडी घडवायचं, कुणी चित्रं काढायचं, कुणी आपल्याच घरातलं भांडण नाटक करून दाखवायचं. ताई म्हणत, माणूस सांगून सांगून थकला की त्याला काही करायला द्यावं, मग जे सांगता आलं नाही ते बाहेर येतं. त्या करण्यातली एक मी होते.

बांबूचं एक गोल कुंपण घातलं होतं. मला आत मोकळं सोडायचं. लगाम नाही, दोर नाही. मग एकेका माणसानं आत यायचं आणि मला न ओढता, न हाकलता जवळ आणायचं. पाठीवर बसायचं नाही. एवढंच काम. तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? अहो, धिप्पाड गडी घामाघूम होत! कुणी चुचकारायचं, कुणी दरडावायचं, कुणी खिशातून गूळ काढायचं. मी पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहायची. मी माणसाचे शब्द ऐकतच नाही. मी त्याचे खांदे बघते, श्वास ऐकते. वरून गोड बोलणाऱ्याच्या पोटात आग असली तर ती मला लांबून कळते. एखादा दमून, हरून, खरंखुरं मोकळं होऊन उभा राहिला की माझे पाय आपोआप त्याच्याकडे वळत. त्यासाठी मला कुणी छडी मारली नव्हती.

आणि मग सम्यक आला. बजाजनगरात राहणारा, वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर काम करणारा. केंद्रात येण्याची त्याची ही पहिली वेळ नव्हती. सगळ्यांचा लाडका. सतत हसणारा, हसवणारा. कुंपणात शिरला की मला मुजरा करून म्हणायचा, "जय भीम, बिजलीबाई! आज तरी येता का गरिबाकडं?" बाहेर बसलेले पोट धरून हसत. मी त्याच्यापासून सगळ्यात लांब पळायची. हसणाऱ्या माणसाचे खांदे इतके आवळलेले मी पाहिले नव्हते. त्याचे पायही माझ्यासारखेच सारखे हलत असत.

त्याची बायको मेघा एकदा भेटायला आली होती. कुंपणाशी उभी राहून ती ताईंना म्हणाली, "ताई, ह्या वेळी घरी येऊन पुन्हा प्याले ना, तर मी पोरीला घेऊन माहेरी जाणार. लई झालं आता. आन पितात कशाला, तेच मला कळत नाय. विचारलं की हसण्यावारी नेतात. माझ्याशी एक शब्द खरा बोलत नायत." तिचे डोळे कोरडे होते. ती चिडली होती, आणि तिचं चिडणं मला पटलं.

एका दुपारी सम्यक कुंपणात होता आणि वारा सुटला होता. चाचांच्या खोलीवरचा पत्रा उचलला गेला आणि जोरात आदळला. धाड!

मी चारही पायांवर उडाले. आणि मित्रांनो, त्याच क्षणी तोही उडाला. मी वळून पाहिलं तर तो कुंपणाला पाठ लावून उभा होता, चेहरा माझ्या धुतलेल्या अंगासारखा पांढरा. त्याचे हात थरथरत होते. माझी कातडी थरथरत होती. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मुजरा नाही, विनोद नाही. हळूहळू तो जमिनीवर बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. त्याच्या मानेशी नाक नेलं आणि तिथंच उभी राहिले.

"तुला बी भ्या वाटतं का गं?" तो म्हणाला. मग बराच वेळ तो माझ्याशी बोलला. प्रेस असाच आदळतो, म्हणाला. शेजारच्या मशीनवर त्याचा मित्र आकाश होता. एके दिवशी आकाशचा हात आत राहिला आणि प्रेस खाली आला. सम्यक धावला, बटण दाबलं, पण हात वाचला नाही. तेव्हापासून कुठंही काही आदळलं की त्याला आकाशची किंकाळी ऐकू येते. कारखान्यात रोज हजारदा आदळतं. दोन घोट घेतले की किंकाळी लांब जाते, म्हणून तो घोट घेऊ लागला. दोनाचे चार कधी झाले ते कळलं नाही. बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक त्याच्या जिवाभावाची, पण ढोलताशांमुळे तिथंही तो प्यायल्याशिवाय जाऊ शकत नव्हता. त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

ताई कुंपणाबाहेर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. हळूच म्हणाल्या, "सम्यक, हे मेघाला सांगशील?"

"नाय ताई." त्यानं मान हलवली. "गडी असून भितो, म्हणंल. हसणारा नवरा परवडतो, कापणारा कुणाला पायजे?"

"ती काय म्हणेल ते तिला ठरवू दे ना," ताई म्हणाल्या. तो उठला आणि कपड्यांवरची माती झटकत बाहेर गेला. पण त्या दिवसापासून तो आत आला की मी त्याच्याकडे जायची. आम्ही दोघं नुसते उभे राहायचो. श्वास आत, श्वास बाहेर. माझे पाय स्थिर राहू लागले. अगदी दगडासारखे नाही, पण राहू लागले. मेघाला मात्र त्यानं काहीच सांगितलं नाही, आणि घरी जायचा दिवस उजाडला.

सकाळी करुणाताई मेघाला आणायला बजाजनगरला गेल्या. त्या असत्या तर पुढचं झालंच नसतं. अप्पारावांच्या मनात काही वेगळंच शिजत होतं. आपल्याकडे आनंद झाला की मिरवणूक काढायची, ही आपली रीतच. वाजवल्याशिवाय, फटाके उडवल्याशिवाय आनंद झाला असं कुणाला वाटतच नाही. अप्पारावांनी लासूर स्टेशनहून बँड बोलावला होता. "पोरगं नवीन जन्म घेऊन चाललंय," ते गरजले, "नवरदेवासारखं पाठवू! दाऊदभाई, घोडी सजवा!"

चाचा घुटमळले. "अप्पासाब, घोडी बिचकती ना."

"अहो, आता सुधारली की ती! आणि आपल्याच शेताच्या वेशीपर्यंत तर जायचं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खोलीत गेले आणि पेटी उघडली. झूल झटकताना त्यांचे हात हळुवार झाले होते. किती वर्षांनी त्यांची बिजली पुन्हा सजणार होती! आणि खोटं कशाला बोलू, तुरा कपाळावर आला तेव्हा माझीही मान उंच झाली. मग लगाम तोंडात आला आणि मान खाली गेली.

सम्यकच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. त्याला हे नको होतं, मला त्याच्या पायांवरून कळत होतं. पण एवढ्या प्रेमानं करणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? तो हसला. तेच जुनं हसू. आणि माझ्या पाठीवर बसला.

ताशा वाजला. माझा पाय उचलला. दुसरा उचलला. "नाचते, नाचते!" लोक ओरडले. मी आतून किंचाळत होते आणि पाय नाचत होते. पाठीवर सम्यक हात हलवत होता आणि त्याच्या मांड्या माझ्या कुशीला लागून लटलट कापत होत्या. वेशीजवळ अप्पाराव हातात उदबत्ती घेऊन उभे होते. त्यांच्या पायाशी लांबच लांब लाल लड पसरली होती.

"अप्पा, नको!" सम्यक ओरडला. बँडमध्ये ते ऐकू कुणाला जाणार? अप्पारावांना वाटलं, पोरगं खुशीनं ओरडतंय. त्यांनी हसून हात केला आणि वाकले.

सम्यकनं खाली उडी मारली. मला वाटलं, आता हा लगाम आवळणार. सगळे तेच करतात. त्यानं माझ्या कानामागचा पट्टा सोडवला आणि लगाम तोंडातून काढून फेकून दिला. "जा!" म्हणाला. "पळ तू!"

धाड धाड धाड धाड!

मी पळाले. कपाशीच्या वावरातून, बांधावरून, थेट पार टोकाच्या बाभळीपर्यंत. तिथं उभी राहून धापा टाकल्या. आणि मागे वळून पाहिलं.

धूर विरत होता. बँड थांबला होता. रस्त्याच्या मधोमध सम्यक बसला होता, दोन्ही हात कानांवर, गळ्यातला हार विस्कटलेला, सगळं अंग कापत होतं. त्याच वेळी रिक्षा येऊन थांबली होती आणि ताईंबरोबर आलेली मेघा उतरून त्याच्यासमोर उभी होती. तिनं आधी त्याचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. मग ती गोंधळली.

"काय झालं तुम्हाला?" तिनं विचारलं.

तो हसायला गेला. मला लांबून दिसलं, त्याचे ओठ ताणले गेले. पण हसू आलं नाही.

"मला भ्या वाटतं, मेघा," तो म्हणाला, सगळ्यांदेखत. "आवाजाचं भ्या वाटतं. आकाशचा हात गेला तवापासून. म्हणून प्यायचो. तुला सांगायची लाज वाटायची."

आणि मित्रांनो, आता जे सांगते ते मलाच खरं वाटत नाही. मला कुणी हाक मारली नव्हती. लगाम नव्हता, छडी नव्हती, गूळ नव्हता. समोर फटाक्यांचा धूर होता, त्या वासानंच माझी नाकपुडी फडफडत होती. तरी मी बाभळीखालून निघाले आणि त्या धुराकडे चालू लागले. दोनदा थांबले. एकदा तर मागे फिरले. पण पोचले.

मी सम्यकजवळ उभी राहिले. मेघानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या थरथरत्या कातडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती त्याला "उठा" म्हणाली नाही. साडीचा विचार न करता ती त्याच्या शेजारी मुरमावर बसली.

"एवढंच होतं व्हय?" ती म्हणाली आणि रडायला लागली. "सांगायचं ना मला. मी काय पळून जाणार होते?"

आम्ही तिघं तिथं किती वेळ होतो, कोण जाणे. बँडवाल्यांनी वाद्यं गाडीत ठेवली. दाऊदचाचांनी माझ्या पाठीवरची झूल काढून घडी घातली आणि माझ्या मानेवर डोकं टेकून "गलती झाली, बेटा" म्हणाले. अप्पारावांचे डोळे भरून आले होते. उरलेले सगळे फटाके त्यांनी भिजवून टाकले. कुठं, तर माझ्या पाण्याच्या हौदात! चांगलं करायला गेले तरी या माणसाचा घोटाळा होतोच.

सम्यक त्या दिवशी मेघाबरोबर पायीच वेशीबाहेर पडला आणि मी मोकळी त्यांच्यामागून गेले. आता त्यानं मशीन सोडून कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मागून घेतलं आहे. परवा जयंती झाल्यावर तो मुद्दाम मला सांगायला आला. मिरवणुकीत गेला होता, न पिता. ढोल फार जवळ आले तेव्हा त्यानं मेघाला सांगितलं, "भ्या वाटतंय." दोघं बाजूला एका ओट्यावर जाऊन बसले, दम खाल्ला आणि पुन्हा मिरवणुकीत शिरले. हे सांगताना त्याचे खांदे सैल होते.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. वरातीत एखादी घोडी नाचताना दिसली तर टाळ्या वाजवण्याआधी तिच्या डोळ्यांकडे बघा. आणि तुमच्या घरात, गल्लीत कुणी फार हसत असेल, कुणी पीत असेल, कुणी विनाकारण दचकत असेल, तर त्याला ओढू नका, दरडावू नका. त्याच्यापाशी जरा वेळ नुसते उभे राहा.

बघा, एवढं बोलले आणि मघापासून माझा पाय उचलला नाही.